ऊसतोडीहून परतलेल्या बायकांचा शिवणवर्ग

मशीन कुठून आणायचं याच्या आधी वर्ग कधी घ्यायचा ते ठरवा. बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, दसरा-दिवाळीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलात माघारी येतात. हौसेनं डिसेंबरात नारळ फोडलेला वर्ग महिन्याभरात ओस पडतो आणि मग 'आमच्या बायकांना आवडच नाही' असं गावात बोललं जातं. आवड असते. बाई उसाच्या फडात असते.

कामाचे दिवस दोन तुकड्यांत मिळतात. पहिला तुकडा अक्षय्य तृतीयेपासून मिरगापर्यंत, साधारण पाच आठवडे. पाऊस पडला की पेरणी, मग खुरपणी. त्या काळात वर्ग भरवायचा हट्ट नको. दुसरा तुकडा म्हणजे श्रावण, दिव्याच्या अवसेपासून पोळ्यापर्यंत. पोळ्यानंतर घराघरात उचलीचा (मुकादमाकडून आगाऊ घ्यायच्या पैशांचा) आणि जाण्याचा विषय निघतो, मन थाऱ्यावर राहत नाही. आठवड्याला पाच दिवस, रोज दोन तास धरले तर पहिल्या तुकड्यात ५० तास होतात. लग्नसराईत दहा तास जाणार हे आधीच वजा करा. उरलेल्या ४० तासांत पिशवी, उशीचा अभ्रा, ऊस तोडताना घालायच्या हातातल्या बाह्या आणि परकर एवढं नीट होतं. ब्लाउज होत नाही.

बायका पहिल्याच दिवशी ब्लाउज मागतील, कारण ब्लाउजची शिलाई मिळते. मोह टाळा. अर्धवट ब्लाउज शिकलेली बाई सहा महिने कोयता चालवून येते तेव्हा मुंढ्याचं (बाही जोडतात त्या गोलाईचं) माप तिच्या ध्यानात राहिलेलं नसतं. परकर एकटीनं बेतून, कापून, शिवून घातलेली बाई मात्र माघारी आल्यावर कापड अंथरून सरळ कात्री लावते. सगळा वर्ग या एका गोष्टीभोवती बांधा: जाण्याआधी प्रत्येकीला एक वस्तू, कुणाला न विचारता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत करता आली पाहिजे.

जागा, वेळ, माणसं

मे महिन्यात पत्र्याच्या सभागृहात दुपारी बसवत नाही. माळवदाचं जुनं घर मिळालं तर ते सगळ्यात थंड. नाहीतर सुट्टीत रिकामी असलेली जिल्हा परिषद शाळेची पडवी, तिच्यासाठी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. वेळ तुम्ही ठरवू नका. टँकर कधी येतो ते विचारा. टँकरच्या वेळेला लावलेल्या वर्गात कुणी येणार नाही, आणि न येणाऱ्या बाईचं काही चुकत नाही.

एका शिकवणाऱ्या माणसामागं १२ बायका पुरे. चार मशीन लागतात, एका मशीनवर तिघी. एक शिवते, एक कागदावर माप आखते, एक हातशिलाई करते, आणि दर २० मिनिटांनी पाळी बदलते. मशीन अशी मांडा की उजेड डाव्या हाताकडून येईल, नाहीतर हाताची सावली टिपेवर पडते. तान्ही लेकरं येणारच, म्हणून आढ्याला एक झोळी बांधा. कात्र्या आणि सुयांचा डबा खिळ्याला टांगून ठेवा, जमिनीवर नको.

तुम्हाला 'मॅडम' म्हणतील. पहिल्याच दिवशी 'ताई' म्हणायला सांगा आणि तुम्ही वयानं मोठ्या बाईला मावशी म्हणा. तांड्यावर घरात गोरबोली चालते, तेव्हा 'मुंढा', 'नेफा' (नाडी ओवायची पट्टी), 'उरेब' (कापडाचा तिरका काप) हे शब्द तोंडी सांगून सोडू नका. कापडावर बोट ठेवून दाखवा. यांच्यातल्या बहुतेकींनी वाकळ शिवलेली असते. बंजारा बायकांच्या हातात तर आरशांचं भरतकाम असतं. म्हणून पहिला तास मशीनचा नको. जुन्या कापडावर धावदोरा घालायला द्या. त्यांचा टाका सरळ आणि सारखा येईल, तो सगळ्यांपुढं धरा आणि सांगा की मशीन हेच काम करतं, फक्त भराभर.

सामान

१२ जणींना: टेप १२, दहा इंची कात्र्या चार, कागद कापायला वेगळी साधी कात्री एक. कापडाची कात्री कागदाला लावली की धार जाते, हे दोघा-तिघींना तरी रोज सांगावं लागतं. ब्राऊन पेपर २५, टेलरिंगचे खडू दोन डबे, टाचण्या, टीप उसवायचं हत्यार चार. मशीनच्या सुया १४ नंबरच्या ३० आणि १६ नंबरच्या १०. पॉपलीन-सुतीला १४, जाड पिशवीला आणि जुन्या जीनला १६. नवशिक्या हातानं सुया तुटतात, त्यात गैर काही नाही. शटलच्या बॉबिन (खालचा दोरा गुंडाळायच्या चकत्या) प्रत्येक मशीनमागं चार. मशीनचं पांढरं तेल घ्या. खोबरेल किंवा गोडं तेल कधीही घालू नका, ते वाळून चिकट होतं आणि दोन महिन्यांत मशीन जाम होतं.

चाळिशीपुढच्या बायकांना सुई ओवता येत नाही म्हणून त्या मागं बसतात आणि 'मला नाही जमायचं' म्हणतात. बहुतेक वेळा जवळच्या चष्म्याची गरज असते, एवढंच. पहिल्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात डोळे तपासून घ्या. तोवर सुईच्या मागं पांढरा कागद धरला की नेढं दिसतं.

मशीन कोणतं

पायाचं काळं मशीन, जुनं असलं तरी चालेल. मोटरचं नको: भारनियमन आहे, आणि नवीन हाताला मोटरचा वेग आवरत नाही. जुनं घेताना चाक हातानं फिरवून बघा. ते एका जागी अडखळलं तर शटलपाशी गुंता किंवा गंज आहे. चाक धरून हलवलं तर खडखडायला नको. सुई खाली जाताना पत्र्याच्या भोकाच्या बरोबर मध्यातून गेली पाहिजे.

चारांतलं एक मशीन हँडलचं, हातानं फिरवायचं घ्या. ऊसतोडीच्या बायकांत कंबरदुखी घरोघर आहे आणि गर्भपिशवी काढलेल्याही पुष्कळ आहेत; बीडमधल्या या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. अशा बाईला तासभर पायडल मारायला लावलं तर ओटीपोट आणि कंबर दुखते, ती काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी येत नाही. चारचौघीत 'तुमचं ऑपरेशन झालंय का' असं विचारू नका. 'ज्यांना पायडल जड जातं त्यांनी हे घ्या' एवढंच म्हणा.

पहिले चार दिवस, दोऱ्याशिवाय

पहिल्या दिवशी चाकाच्या मधली चकती सैल करा, म्हणजे चाक फिरतं पण सुई हलत नाही. दोन्ही पाय पायडलवर, एक थोडा पुढं, एक थोडा मागं. चाक आपल्याकडंच फिरलं पाहिजे. उलटं फिरलं की दोरा गुंततो आणि तुटतो. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी इथून येतात. सुरुवात हातानं चाक आपल्याकडं ओढून करायची, मग पाय चालवायचा. दहा मिनिटं न अडखळता एकाच दिशेनं चाक फिरलं की पहिला दिवस झाला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चकती आवळा, सुई लावा, दोरा नको. वहीच्या आखलेल्या पानावर रेघेवरून शिवायचं. मग चौकोन: कोपऱ्यावर सुई कागदात खाली ठेवून, कापड दाबणारा पाय उचलून कागद वळवायचा. मग गोगलगायीच्या शंखासारखी गोल रेघ. भोकं रेघेवर पडली की नाही हे कागद उजेडाला धरला की बाईला स्वतःला दिसतं, तुम्हाला चूक काढावी लागत नाही. कागदावर वापरलेली सुई बोथट होते, ती वेगळी ठेवा आणि कापडाला लावू नका.

चौथ्या दिवशी सुईपासून उजवीकडं अर्ध्या इंचावर मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा. कापडाची कड त्या पट्टीला लावून चालवली की टीप आपोआप अर्ध्या इंचावर येते. अक्षरओळख नसलेल्या बाईला अपूर्णांक सांगत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. टेपवरचे आकडे मोबाइलमुळं आणि नोटांमुळं ओळखीचे असतातच.

मशीन का रुसतं

खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिन उघडतात. दोष बहुधा वर असतो. दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला असला पाहिजे, तरच दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतो. पाय खाली ठेवून ओवला तर दोरा वरवर राहतो, ढिला पडतो आणि खाली फासे होतात. म्हणून आधी पूर्ण उसवून पुन्हा ओवा. बॉबिन केसचा बारीक स्क्रू हा शेवटचा उपाय. तो कुणालाही फिरवू देऊ नका, तुम्हीही पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. बॉबिन केस दोऱ्याला लोंबत धरून हलका झटका दिला तर तो इंच-दोन इंच खाली येऊन थांबावा. सरसर खाली गेला तर ढिला, हललाच नाही तर घट्ट.

टाका मध्येच सुटतो तेव्हा सुई उलटी बसलेली असते किंवा वरपर्यंत गेलेली नसते. काळ्या घरगुती मशीनवर सुईची चपटी बाजू उजवीकडं आणि लांब खाच डावीकडं; दोरा खाचेच्या बाजूनं, म्हणजे डावीकडून उजवीकडं ओवायचा. सुरुवात करताना दोन्ही दोरे तीन-चार इंच मागं ओढून बोटानं धरायचे, नाहीतर पहिल्याच टाक्याला घरटं होतं. कापड पुढं सरकत नसेल तर दातांमध्ये धागे-धूळ भरलेली असते. उन्हाळ्यात धुरळा इतका असतो की आठवड्याला एकदा पत्रा काढून ब्रश फिरवावा लागतो. पावसाळ्यात चामडी पट्टा ढिला पडतो, पाय चालतो आणि चाक नुसतं घसरतं. पट्टा अर्धा इंच कापून तारेची क्लिप पुन्हा लावा. पट्ट्याला तेल लागलं असेल तर आधी कोरड्या फडक्यानं पुसा.

हे सगळं तुम्ही दुरुस्त करून देऊ नका. बाईकडून करून घ्या. तालुक्याच्या गावाला मशीन न्यायला तिचा एक रोज बुडतो.

बाह्या: पहिली कामाची वस्तू

पिशवी आणि अभ्रा दोन-तीन दिवसांत होतात, त्यावर फार बोलायला नको. त्यानंतर हातातल्या बाह्या घ्या. ऊस तोडताना पाचट हाताला कापतं, म्हणून बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. त्याच शर्टाच्या बाह्या मुंढ्यापाशी कापा, कफ काढून टाका. वर आणि खाली पाऊण इंचाची दुमड घालून आत अर्धा इंच रुंद इलॅस्टिक ओवा. इलॅस्टिक दंडाच्या मापापेक्षा एक इंच कमी, मनगटालाही तसंच. याहून घट्ट केलं तर दिवसभरात हाताला मुंग्या येतात. दुमडीची टीप एक इंच उघडी ठेवायची, इलॅस्टिक सेफ्टी पिनेनं ओवून टोकं एकमेकांवर अर्धा इंच ठेवून दोनदा शिवायची, मग उघडा भाग बंद. जीनच्या कापडाच्या बाह्या टिकतात, पण घामानं जड होतात. सुती शर्टच बरा.

परकर, सहा कळ्यांचा

इथं घाई करू नका. आठ दिवस द्या. पूर्ण लांबी ३८ इंच, कापड ३६ इंची पन्ह्याचं साधं पॉपलीन, सव्वादोन मीटर. छापील एकाच दिशेच्या नक्षीचं नको, कारण निम्म्या कळ्या (वर अरुंद, खाली रुंद असे तुकडे) उलट्या कापल्या जातात. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. न भिजवता शिवलेला परकर पहिल्या धुण्यात आखडतो आणि गडद रंग साडीला लागतो.

सव्वादोन मीटर म्हणजे सुमारे ८८ इंच. त्यातून ३७॥ (साडेसदतीस) इंचाचे दोन तुकडे पाडा, ७५ इंच झाले. नेफ्यासाठी आडव्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ५ इंच रुंद, १० इंच झाले. उरलेले तीनेक इंच भिजल्यावर आखडण्यात जातात.

आता दोन्ही मोठे तुकडे एकावर एक ठेवा. वरच्या कडेवर डावीकडून ४, २० आणि २८ इंचांवर खुणा करा. खालच्या कडेवर ८, १६ आणि ३२ इंचांवर. वरची पहिली खूण खालच्या पहिलीला, दुसरी दुसरीला, तिसरी तिसरीला तिरक्या रेघेनं जोडा आणि कापा. एका थरात दोन पूर्ण कळ्या मिळतात, एका टोकाला ८ आणि दुसऱ्या टोकाला १६ इंच. दोन्ही काठांना दोन अर्ध्या कळ्या, ४ आणि ८ इंचांच्या. दोन थर मिळून चार पूर्ण आणि चार अर्ध्या. अर्ध्या कळ्या काठाला काठ लावून जोडल्या की आणखी दोन पूर्ण होतात. एकूण सहा, आणि चिंधी जवळजवळ शून्य. हे आधी ब्राऊन पेपरवर लहान मापात, प्रत्येकीच्या हातानं करून घ्या. कागदाचे तुकडे जुळून आले की चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठी हा धडा हळू शिकवायचा.

जोडताना सगळी अरुंद टोकं एकाच बाजूला आलीत ना हे जमिनीवर मांडून बघा. एक कळी उलटी जोडली जाते, हमखास. तिरकी कड ओढली की ताणते, म्हणून वरून टाचण्या लावत खाली यायचं आणि कापड ओढायचं नाही, मशीनच्या दातांना नेऊ द्यायचं. ओढून शिवलेल्या परकराचा घेर खाली वाकडातिकडा लोंबतो. शेवटची जोड वरून सात इंच उघडी ठेवा, तीच चीर. चिरेच्या दोन्ही कडा बारीक दुमडून टीप मारा आणि खालच्या टोकाला आडवे चार-पाच टाके मागं-पुढं घाला, नाहीतर परकर तिथून फाटतो.

सगळ्या जोडण्या अर्ध्या इंचाच्या धरल्या तर वरचा घेर सुमारे ४० इंच होतो. नेफ्याच्या दोन पट्ट्या जोडून ४२ इंच लांब कापा आणि दोन्ही टोकं दुमडा. पट्टी कळ्यांना जोडून, पलटून, आत अर्धा इंच दुमडून शिवली की दोन इंची नेफा मिळतो. खाली एक इंचाची दुमड. हिशेब लावा: ३७॥ मधून वरची अर्धा इंच आणि खालची एक इंच गेली, ३६ राहिले, नेफ्याचे दोन मिळवले की ३८. हा हिशेब बायकांना तोंडपाठ झाला की उंच-ठेंगणीसाठी लांबी त्या स्वतः बदलतात. कंबर जाड असेल तर प्रत्येक कळी वर-खाली सारखीच वाढते, म्हणून मोठ्या पन्ह्याचं कापड घ्यावं लागतं.

पहिला परकर वाकडा येईल. उसवायला लावू नका, तो घरात घालू द्या. दुसरा परकर तुम्ही बाजूला उभं न राहता व्हायला हवा.

श्रावणात ब्लाउज

दुसऱ्या तुकड्यात साधा चार टक्सचा (चुण्यांचा) ब्लाउज घ्या, कटोरी नको. सूत्रांपासून सुरुवात करण्याऐवजी प्रत्येकीचा नीट बसणारा जुना ब्लाउज उसवा, इस्त्री करा, ब्राऊन पेपरवर ठेवून आखा. उसवताना कोणता तुकडा कशाला जोडलेला होता हे हाताला कळतं. एक खबरदारी: पुस्तकी मापाच्या बाह्या या बायकांना आवळतात, कारण कोयत्यानं दंड भरलेले असतात. दंडाचं माप कोपर वाकवून, मूठ आवळून घ्या आणि त्यात दीड इंच सैल धरा.

मशीनच्या योजना

'मोफत शिलाई मशीन'चे फॉर्म मोबाइलवर फिरतात आणि ते भरायचे पैसे घेतले जातात. बायकांना स्पष्ट सांगा, पैसे देऊ नका. केंद्राच्या १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत दर्जीकाम आहे. नोंदणी सीएससी (सामान्य सेवा) केंद्रावर होते, वय १८ पूर्ण लागतं, एका कुटुंबातून एकच व्यक्ती. मूलभूत प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत असते. योजना तो व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, नुसतं शिकणाऱ्यांसाठी नाही. म्हणून तुमच्या वर्गाच्या भरवशावर कुणाला शब्द देऊ नका. प्रशिक्षणाचा निरोप हंगामात आला तर बाई फडावर असते, तेव्हा अर्जावर घरी राहणाऱ्या माणसाशी संपर्क होईल असा नंबर द्या. जिल्ह्याच्या आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) बायकांसाठी शिवणकामाचं मोफत निवासी प्रशिक्षण असतं. लेकुरवाळ्या बाईला निवासी जमत नाही, पण तिच्या मोठ्या मुलीला जमतं.

कोयते निघायच्या आधी

प्रत्येकीला एक डबी द्या: हातशिलाईच्या सहा सुया, पांढरं आणि काळं रीळ, बटणं, हुक, सेफ्टी पिना, लहान कात्री. कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) मशीन नसतं, पण फाटलेला शर्ट आणि लेकराचं झबलं तिथंही हातानं होतं. प्रत्येकीच्या परकराचा कागदी बेत गुंडाळून, वर तिच्या ओळखीची खूण काढून, वर्गाच्या आढ्याला टांगा. खाली ठेवला तर उंदीर कुरतडतात.

मशीन अशीच सोडून जाऊ नका. दातांखालचा कचरा काढा, प्रत्येक भोकात दोन थेंब तेल घाला, दोऱ्याशिवाय पाच मिनिटं चालवा, जास्तीचं तेल पुसा. सुई काढून ठेवा. कापड दाबणाऱ्या पायाखाली जाड फडकं घालून पाय खाली सोडा, पट्टा चाकावरून उतरवा, वर जुनी साडी झाका. गावात राहणाऱ्या एका मावशीकडं किल्ली द्या आणि महिन्यातून एकदा चाक हातानं दहा फेरे फिरवायला सांगा, म्हणजे एप्रिलमध्ये पहिल्या दिवशी मशीन जाम निघणार नाही.